यंत्र मी आहे, आत्या नव्हे

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे. माझ्यासारखी इतर जुनी यंत्रं आपली कहाणी सांगायला बसली की 'एके काळी आमचा काय थाट होता' म्हणून गळा काढतात. मला ते जमणार नाही. माझा थाट खोटा होता, मला बनवणारी कंपनी लबाड होती, आणि ज्यांनी मला हौसेने घरी आणलं ती माणसंही फार शहाणी होती अशातला भाग नाही. जे घडलं ते सांगतो. माझी कीव मात्र करू नका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या मुली डोळे वर न करता माझ्यात स्क्रू बसवत होत्या. त्यांच्यापैकी कोणी कधी गेम खेळली असेल असं मला वाटत नाही, तेवढा वेळच त्यांना नव्हता. मग मला एका चकचकीत खोक्यात घातलं. खोक्यावर एक मुलगा आनंदाने हवेत उडी मारत होता. मी पुढे इतकी वर्षं काम केलं, पण माझ्यामुळे असा उडी मारणारा एकही माणूस मला दिसला नाही.

मला विकत घेतलं ते विमा कचेरीतल्या एका कारकुनाने. घरात त्याची बायको होती आणि मुलगी होती. मुलगी गोलमटोल, म्हणून तिला सगळे गोटी म्हणत. कारकुनाची थोरली बहीण जवळच राहायची. गोटी तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणतो. आत्याचं रस्त्याच्या कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नखांत कायम काळं ग्रीस, आवाज खणखणीत आणि कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही.

मला टीव्हीला जोडलं त्या दिवशी सगळे सोफ्यावर दाटीवाटीने बसले. आणि मी काय केलं? पडद्यावर एक पट्टी दाखवली आणि अपडेट घेत बसलो. जेवणं झाली, भांडी घासून झाली, गोटी सोफ्यावरच झोपून गेली, तरी पट्टी अर्ध्यावरच. विकत आणलेली वस्तू पहिल्याच दिवशी अपुरी कशी, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. फक्त आत्या म्हणाली, "मी गिऱ्हाइकाला बिनचाकाची सायकल दिली आणि म्हटलं, चाक मागनं येतंय, तर तो माझं दुकान डोक्यावर घेईल." आणि ती उठून गेली.

कारकून मात्र खूश होता. आपल्याला यातलं सगळं कळतं, असा त्याचा तोरा. कंपनीने पासवर्ड मागितला. त्यात मोठं अक्षर हवं, लहान हवं, आकडा हवा आणि वर एक वेडंवाकडं चिन्हही हवं. त्याने तो भलामोठा पासवर्ड तयार केला, एका चिकटपट्टीवर लिहिला आणि ती पट्टी माझ्याच पोटाला चिकटवली. याला तो सुरक्षा म्हणत होता.

काही वर्षं गोटी माझ्यावर खेळली. नंतर तिच्या हाती स्वतःचा फोन आला आणि ती माझ्याकडे ढुंकूनही बघेना. तिच्या आईने माझ्यावर एक रुमाल अंथरला आणि वर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. फुलदाणी निदान अपडेट तरी मागत नाही.

आणि एक दिवस आत्याला पक्षाघाताचा झटका आला.

रुग्णालयातून तिला भावाच्या घरी आणलं तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि एकेक शब्द बाहेर यायला इतका उशीर की ऐकणारा मध्येच तिचं वाक्य पुरं करून टाकायचा. दुकानाला कुलूप लागलं. तिला काय हवंय ते ती पहिल्याच आठवड्यात बोलली होती. तिला पुन्हा पाना धरायचा होता. घट्ट बसलेला नट पान्याने सोडवायचा होता. बाकी कशाबद्दल तिने तोंड उघडलं नाही.

तिला व्यायाम द्यायला एक फिजिओवाल्या बाई यायच्या. या कहाणीत डोकं ठिकाणावर असलेलं माणूस शोधाल तर या बाई सापडतील. त्यांनी आत्याच्या हातात स्पंजचा चेंडू दिला. आत्याने तो दोनदा दाबला आणि भिरकावला. बाई रागावल्या नाहीत. त्यांची नजर फुलदाणीखाली गेली.

"हे चालतं का हो?"

"चालतं ना!" कारकून पुढे सरसावला. "पासवर्ड आहे माझ्याकडे."

गोटीने माझ्यावरची फुलं उचलली, कपाटातून एक होडीचा खेळ शोधून काढला. धक्क्यावरून टपालाची पोती होडीत घ्यायची, नदीतून दीपगृहापर्यंत जायचं, पोती उतरवायची, परत यायचं. होडी चालवायला हातातल्या कंट्रोलरवरचं तर्जनीखालचं बटण दाबून धरावं लागे. आत्याच्या तर्जनीत तेवढंही बळ नव्हतं. म्हणून बाईंनी क्रेप बँडेजची पट्टी घेतली आणि तिचं बोट बटणावर दाबून बांधून टाकलं. "आत्ता पट्टी दाबेल," त्या म्हणाल्या. "हळूहळू पट्टी सैल करू. मग तुम्ही दाबायचं. मूठ वळली पाहिजे, आणि वळलेल्या मुठीने काही ओढता आलं पाहिजे. तिथपर्यंत आपण पोचलो की पाना तुमचाच."

आत्या रोज खेळायला बसू लागली. तोच धक्का, तीच नदी, तेच दीपगृह. दुसऱ्या वाटेने जायला तिला हात पुरत नव्हता. होडी इतकी सावकाश जायची की इंटरनेटवरून खेळणारे बाकीचे खेळाडू तिला ओलांडून जाताना भोंगे वाजवायचे. आत्या तिच्या ओढलेल्या तोंडाने त्यांना अशा शिव्या हासडायची की गोटी कानांवर हात ठेवायची आणि बोटांच्या फटीतून ऐकायची. शिवी मात्र अडखळत नव्हती. पट्टीचा एकेक वेढा कमी होत गेला. मी साध्या यंत्राच्या जातकुळीतला, मला आनंद वगैरे होऊ नये. पण झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझा कोणाला तरी उपयोग होत होता.

हे कंपनीला बघवलं नसावं.

तर झालं असं. कंपनीच्या तिजोरीतून लाखो गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि पासवर्ड चोरीला गेले. चोरी कंपनीकडे झाली, तिच्या गाफीलपणामुळे झाली. पण पत्र आलं गिऱ्हाइकांना, की 'तुमची सुरक्षा आम्हाला प्राणाहून प्रिय आहे, सबब तुम्ही सावध राहावे.' आणि त्या चोरीचं निमित्त करून कंपनीने माझ्यात एक नवा पहारेकरी आणून बसवला. मला विचारलं नाही. घरातल्यांना विचारलं, पण अशा लांबलचक मजकुराखाली की कारकुनाने तो न वाचताच 'मान्य' वर बोट ठेवलं. सगळं कळणाऱ्या माणसाची ही तऱ्हा.

या पहारेकऱ्याचं काम एकच. माणसाच्या नावाने एखादं यंत्र खेळत असेल तर ते पकडायचं. खरे लबाड खेळाडू बाजारातून बनवाबनवीची साधनं विकत घेत आणि त्याच्या नाकासमोरून होड्या पळवत. ते त्याला कधी दिसले नाहीत. त्याला कोण दिसलं? आत्या. एकच बटण सारखं दाबलेलं, रोज एकच वाट, एकच संथ चाल. पहारेकऱ्याने निकाल दिला, की हे माणूस नाही. हे यंत्र आहे.

मित्रांनो, मला यंत्र म्हणा, मी खोका आहेच. पण माझ्या पोटात बसून, माझ्याच विजेवर जगणाऱ्या त्या दीडशहाण्याने आत्याला यंत्र म्हणावं? मला तेव्हा त्याची शिसारी आली आणि आजही येते.

पडद्यावर सूचना आली. 'आपण माणूस असल्याचे सिद्ध करा. ज्या चौकोनांत पूल दिसतो ते निवडा.' वर घड्याळ उलटं पळत होतं. आत्याने पहिला पूल निवडेपर्यंत वेळ संपला. पुन्हा चौकोन, पुन्हा पूल. तिच्या कपाळावर घाम आला. शेवटी गोटीला राहवलं नाही.

"दे आत्या, मी करते." आणि तिने पटापट सगळे पूल निवडून टाकले.

तिथेच घात झाला. इतका वेळ कासवासारखा चालणारा हात एकदम विजेसारखा कसा चालला? पहारेकऱ्याने लगेच दुसरा निकाल दिला, की खातं चोराच्या हाती गेलं आहे. खातं बंद. आता होडीच काय, माझ्यावरचा कुठलाच खेळ उघडेना. एकट्याने खेळायचा खेळही कंपनीच्या परवानगीशिवाय सुरू होत नाही, हे घरातल्यांना तेव्हा समजलं. पैसे त्यांनी दिले होते, खेळ मात्र कंपनीचाच राहिला होता.

गोटी रडायला लागली. "माझ्यामुळे झालं."

"गप," आत्या म्हणाली. "तू... पूल... बरोबर... ओळखलेस."

पुढचे काही आठवडे कारकून कंपनीला लिहीत राहिला. उत्तरं आली, सगळी एकसारखी. तोवर आत्याचा हात मांडीवर पडून राहू लागला. फिजिओवाल्या बाईंनी चेंडू आणला, रबर आणलं, काही चालेना. आत्या भिंतीकडे तोंड करून बसायची. आणि नेमक्या त्याच दिवसांत एक माणूस कारकुनाकडे चकरा मारायला लागला. त्याला आत्याचं दुकान भाड्याने हवं होतं, फोनची कव्हरं विकायला.

एका दुपारी कारकुनाने कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो माझ्यावर ठेवला. आधी ध्वनिमुद्रित बाई बोलली. "आपण माणूस असल्यास, 'मी माणूस आहे' असे स्पष्ट म्हणा."

"मी... मा...णूस..."

"क्षमस्व. मला समजले नाही."

"मी मा..."

"क्षमस्व. मला समजले नाही."

कारकून वैतागला आणि फोनवर खेकसला, "मी माणूस आहे!"

"धन्यवाद," बाई म्हणाली. तो पास झाला. मला मनातल्या मनात हसू आलं, कारण त्या दिवशी त्याच्या माणूसपणाबद्दल मलाच शंका होती.

मग एक तरुण मुलगा बोलला. "मॅडम, सिस्टममध्ये दिसतंय की तुमच्या खात्यावर आपोआप खेळणारं काहीतरी होतं."

"माझ्या... हाताला... पट्टी होती."

"तेच ना मॅडम. पट्टी म्हणजे बाहेरचं साधन झालं. ते नियमात बसत नाही."

आत्या फोनजवळ वाकली. "बाळा, मी... तुझ्याशी... बोलतेय ना? मग मी... कोण?"

मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही माणूस आहात ते कळतंय मला. पण तसं भरायला माझ्याकडे रकाना नाहीये." आणि लगेच शिकवलेल्या आवाजात, "आणखी काही मदत करू शकतो का? कृपया या संभाषणाला किती तारे द्याल ते सांगा."

कारकुनाने फोन कापला. "ताई, सोड आता. एक खेळ तो, त्याचं एवढं काय? आणि दुकानाचंही काय ते ठरव. तो कव्हरवाला किती दिवस थांबणार?"

आत्या उठली. टेबलाची कड डाव्या हाताने धरत धरत माझ्यापर्यंत आली.

"बंद... करते... ह्याला."

"थांब, मी करतो. तुला नाही जमायचं."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. आत्याचा डावा हात टेबलावर होता, तो सोडला असता तर ती पडली असती. म्हणून उजवा हात पुढे आला. बोटं माझ्या वायरीवर पडली. पडली आणि वळली. चारही बोटं, अंगठ्यासकट. तिने एक शिवी हासडली आणि हिसका दिला. वायर भिंतीतून निघाली, तिच्यामागून मी टेबलावरून निघालो, आणि फरशीवर आपटून माझा एक कोपरा फुटला. पहारेकरी, होडी, खातं, सगळं क्षणात अंधारात गेलं.

"अहो ताई, लागलं का?" गोटीची आई धावत आली.

आत्या स्वतःच्या मुठीकडे बघत होती. वायर अजून मुठीत होती.

"सुटत... नाहीये," ती म्हणाली आणि हसायला लागली. गोटीने एकेक बोट हलकेच मोकळं केलं. मग आत्याने कारकुनाकडे बघितलं आणि एका दमात, न अडखळता म्हणाली, "दुकान द्यायचं नाही."

मी त्यानंतर चालू झालो नाही. दुरुस्त करणाऱ्याने मला उघडलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, नवीन घ्या. कोणी घेतला नाही. आज मी आत्याच्या दुकानात आहे. माझ्यावर ग्रीसचा डबा असतो. आत्या पूर्वीसारखी झाली असं समजू नका. पाना उजव्या हातात धरते आणि जोर डाव्या हाताने लावते. एका सायकलीला तिला अर्धा दिवस लागतो. घाई असलेली गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. जाऊ देत.

मध्यंतरी कारकून फोन नाचवत दुकानात आला. कंपनीचं पत्र आलं होतं. 'तपासाअंती आपण माणूस असल्याची खात्री झाली आहे.' आत्याने मान वर केली नाही. नट घट्ट बसला होता आणि तिला तो सोडवायचा होता.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी यंत्र म्हणतं, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ पुसा. मी तसलं काही म्हणणार नाही. आमची धूळ तशीच राहू द्या. पण तुमच्या घरात कोणी हळू बोलत असेल तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. कोणाचा हात हळू चालत असेल तर त्याच्या हातातलं काम ओढून घेऊ नका, प्रेमाने सुद्धा नको. थांबा. आम्हा यंत्रांना कोणासाठी थांबता येत नाही. तुम्हाला येतं.