बांधावरचं माझं झाड

काचेच्या पेल्याच्या तळाशी गाळ बसला होता, जेमतेम नखाच्या जाडीचा. वरचं पाणी नितळ होतं. पेला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून मी चहा होईपर्यंत त्याला हात लावला नव्हता. गाळ तांबूस होता आणि इतका बारीक, की बोटांत चोळला तरी खरखर लागत नव्हती. ओढ्याची वाळू खरखरीत असते. ही माती ओढ्याची नव्हती, बांधाच्या पोटातली होती.

"पेला नीट धुतला नसशील," बाबा म्हणाले.

"दोन पेले भरलेत, बाबा. दुसऱ्यातही तेच आहे."

"मग दोन्ही नीट धुतले नसशील."

दादा हसला. मला हसू आलं नाही.

ओढा अडवून हा मातीचा बांध बाबांनी तरुणपणी स्वतःच्या जमिनीत घातला. त्यामागच्या तळ्यावर आमची फळबाग उभी राहिली, पुढे दादाने त्यात मासे सोडले. मी दूर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सुट्टीत घरी आले की पहिल्या सकाळी बांधाच्या पायथ्याशी जाते आणि पाझराचं पाणी पेल्यात भरून आणते. मातीचा कुठलाही बांध थोडा पाझरतोच, त्यात भिण्यासारखं काही नाही. पाझर स्वच्छ असला की झालं. तो गढूळ झाला, तर मात्र पाण्याबरोबर बांधही बाहेर पडायला लागलेला असतो. आजवर माझा पेला नेहमी स्वच्छ निघाला होता, आणि घरात त्यावरून माझी टिंगल व्हायची.

"चला, बघून तरी येऊ," दादा उठला. बाबांनी काठी घेतली आणि आमच्यामागून आले, जरा घुश्शातच.

बांधाच्या बाहेरच्या उतरणीवर, माथ्यापासून थोडं खाली, बाबांनी दोन झाडं लावली होती. एक दादा जन्मला तेव्हा, दुसरं मी जन्मले तेव्हा. मुळं माती धरून ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. दादाचं झाड अजून डेरेदार आहे. माझं बऱ्याच वर्षांपूर्वी वाळलं. ते तोडलं, पण बुंधा तसाच ठेवला. तपासणीला आलेल्या इंजिनिअरने तेव्हाच सांगितलं होतं, बांधावर झाड नको, बुंधा मुळांसकट काढा, खड्ड्यात माती ठोकून भरा आणि ते होईपर्यंत तळं रिकामं ठेवा.

"लेकीच्या झाडाचं मूळ उपटायचं नाही," बाबा त्याला म्हणाले होते. "बाकीचं बघू."

बाबांचं 'बघू' म्हणजे नाहीच. फक्त त्यात भांडण होत नाही. मीही भांडले नव्हते. खरं सांगायचं तर त्या वेळी मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

पायथ्याशी पोचलो तेव्हा सकाळी पेला भरला होता ती जागा मला ओळखू आली नाही. तिथे आता झरा होता. पाणी उकळल्यासारखं वर येत होतं आणि त्याचा रंग दूध घातलेल्या चहासारखा होता.

मी मान वर केली. सरळ वर, उतरणीवर, माझ्या झाडाचा बुंधा होता.

चढून गेले आणि बुंध्याला हात लावला. साल ओल्या पुठ्ठ्यासारखी निघून आली. आतलं लाकूड उरलंच नव्हतं. मी दाबलं तसा अर्धा बुंधा आत बसला आणि तिथे एक भोक दिसलं. मी पालथी पडले आणि त्यात हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा मातीला टेकला, तरी तळ लागेना. मग बोटांना पाणी लागलं. गार. साचलेलं नव्हतं, वाहत होतं, आणि असं ओढत होतं की बोटं वाकली.

मूळ आतून कुजून गेलं होतं आणि त्याच्या जागी नळी उरली होती. बाबांनी जपून ठेवलेली.

"इकडे ये," माथ्यावरून दादाची हाक आली. त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही.

तळं काठोकाठ भरलेलं आणि शांत होतं. बांधापासून हाताच्या अंतरावर वाळकी पानं तरंगत होती. ती गोल फिरत होती. वाऱ्याचा मागमूस नव्हता. मध्ये पाण्याला वाटीएवढा खळगा पडला होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत एक पान त्या खळग्यात गेलं आणि परत वर आलं नाही.

माझ्या हाताला चिखल लागला होता. तो मी ओढणीला पुसत होते. हात केव्हाच कोरडा झाला होता, तरी पुसत होते.

खाली, ओढ्याच्या वळणावर, आत्याचं घर दिसत होतं. बाबांची ही थोरली बहीण तिथे एकटी राहते आणि रोपवाटिका चालवते. दोरीवर तिचे कपडे वाळत होते. ते पाहिल्यावर मी भानावर आले आणि तिला फोन लावला.

"आत्या, आत्ताच्या आत्ता बाहेर पड. शाळेच्या टेकडीवर जा."

"आल्या का शास्त्रीणबाई! सकाळीच पेला भरलास वाटतं?"

"आत्या, बांध फुटतोय."

"अगं, मागच्या सुट्टीत नुसतं आभाळ पाहून म्हणालीस घरात पाणी शिरेल. त्या दिवशी माझ्या नळालासुद्धा पाणी नव्हतं."

"या वेळी खरंच आहे गं. भोकात माझा अख्खा हात गेला."

"तुझा हात काडीसारखा, कुठेही जाईल. हे बघ बाळा, बांध माझ्या भावाने घातलाय. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की उठेन. नाहीतर ही रोपं पिशव्यांत भरल्याशिवाय मी हलत नाही. कोवळी आहेत, ऊन चढलं की माना टाकतील."

दादा झडपेच्या चाकाशी पोचला होता. ते चाक फिरवलं की तळ्याच्या तळातलं पाणी दुसऱ्या बाजूच्या चरातून निघून जातं. चाकाला कुलूप होतं. इंजिनिअर येऊन गेल्यानंतर बाबांनीच घातलेलं, कुणी त्यांच्यामागे तळं सोडू नये म्हणून.

"बाबा, किल्ली!" दादा ओरडला.

बाबा बुंध्यापाशी उभे होते. मी फोन हातात धरून त्यांच्याकडे धावले.

"बाबा, आत्या माझं ऐकत नाहीये. तुम्ही बोला."

"सगळं तळं..." ते पुटपुटले. "मासे. बाग. वर्षभरात वाळून जाईल गं सगळं."

"बाबा."

"ब..." त्यांनी तोंड उघडलं. पुढचं अक्षर काय येणार ते मला माहीत होतं. पण ते आलं नाही. ते अवघडत गुडघ्यांवर बसले, काठी बाजूला ठेवली आणि भोकात हात घातला, खांद्यापर्यंत. तसेच थांबले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, तरी मी बघत राहिले. बांधाचा प्रत्येक थर त्यांनी स्वतः उभं राहून ठोकून घेतला होता. आत काय भरलं आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि आत काहीच नव्हतं.

आमच्या पायांखालून एक ढेकूळ सुटलं आणि घरंगळत खाली गेलं.

बाबांनी हात बाहेर काढला. चिखलाच्या बोटांनी खिशातली किल्ली काढून दादाकडे फेकली. मग माझ्याकडून फोन घेतला. तो चिखलाने निसटत होता, म्हणून मी खालून त्यांच्या मनगटाला आधार दिला.

"ताई."

"काय रे?" आत्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तुझ्या लेकीने आज..."

"ताई, रोपं टाक. आहेस तशी टेकडीवर जा, मागे वळू नकोस. बांध गेलाय. मी तळं रिकामं करतोय."