समुद्राची फाइल

ग्रीन कार्डं आली ती एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी, साध्या टपालात. पिझ्झाची कुपनं, छप्पर बदलून देणाऱ्याची जाहिरात आणि त्यांच्या मधोमध दोन पाकिटं. बारा वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते पोस्टमन साधी सहीही न घेता पेटीत टाकून गेला होता. एका पाकिटावर माझं नाव होतं, शैलेंद्र. दुसऱ्यावर आश्लेषाचं. आश्लेषा माझी बायको. तिला जाऊन सात महिने झाले होते.

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळे मला पहिल्यांदा रागच आला. माणूस गेलं तरी सरकारला पत्ता नाही, असं काहीतरी मी तिथेच पेटीपाशी उभा राहून मोठ्यांदा बोललो. समोरचा गोरा म्हातारा गवत कापायचं थांबवून बघायला लागला. मग आठवलं, कळवायचं काम माझ्याकडेच होतं. कार्डांचं काम बघणाऱ्या वकिलाने दोनदा ईमेल केली होती. ‘ती आता नाही’ एवढं एक वाक्य लिहायला मला सात महिन्यांत जमलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मी तिचं पाकीट फोडलं. कार्डावरचा फोटो डेट्रॉइटच्या इमिग्रेशन ऑफिसात काढलेला होता. सप्टेंबरमध्ये बोटांचे ठसे द्यायला आम्हाला बोलावलं होतं, तेव्हाचा. ‘एक मिनिट हो, केस तरी नीट करू द्या,’ असं ती म्हणाली होती आणि मी ‘मागे लाइन आहे’ म्हणून तिला पुढे ढकललं होतं. फोटोत तिची एक बट कपाळावर तशीच आहे. फोटोशेजारी तिच्या बोटाचा ठसा. त्यानंतर अकरा दिवसांनी ती किराणाच्या दुकानात कोथिंबीर निवडता निवडता खाली बसली, ती उठलीच नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. एकदाही डोळे उघडले नाहीत.

केया वरून खाली आली. आमची मुलगी, अकरावं चालू.

“इज दॅट द कार्ड?”

“हो. आईचंही आलंय.”

तिने ते हातात घेतलं. फोटोतल्या त्या बटेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “सो नाऊ वी कॅन गो?”

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात त्या वाक्याला एकच ठिकाण होतं.

आश्लेषा नागपूरची. लग्न होईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता. शहाण्णव साली व्हिसासाठी मुंबईला गेलो, तेव्हा टॅक्सीच्या खिडकीतून तिला तो दिसला. वकिलात समुद्राच्या कडेलाच होती. “थांबवा ना, नुसते पाय बुडवून येते,” ती म्हणाली. मी म्हटलं, मुलाखतीला उशीर होईल, परत येताना बघू. परत येताना स्टेशन गाठायचं होतं. पहिला नकार मी तिथेच दिला होता, तिला अमेरिका दाखवायच्याही आधी.

मिशिगनमध्ये पाणी उदंड, पण सगळं तळ्यांचं. एकदा हौसेने तिला लेक ह्यूरॉनला घेऊन गेलो. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा आहेत, वाळू आहे. मी म्हटलं, घे तुझा समुद्र. तिने ओंजळ भरून पाणी तोंडाला लावलं आणि मला म्हणाली, “गोड आहे हो हे. कोणाला फसवून राहिले?”

तिला खारा समुद्र हवा होता, गरम पाण्याचा, गळ्यापर्यंत आत जाता येईल असा. ऑफिसातल्या कुणीतरी मला कॅरिबियनचं एक पत्रक दिलं होतं. ते मी घरी आणलं, आणि तिने निळी फाइल काढून वर मार्करने लिहिलं: समुद्र.

त्या फाइलमध्ये आमच्या संसाराची पाच-सहा वर्षं आहेत. दोन हजार एक सालचं कॅनकून, नोव्हेंबरच्या तारखांसकट. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यानंतर आमच्यापैकी कोण कुठे जाणार होतं? मग बहामाज. मग जमैका, ज्याच्या कागदावर तिने ‘शाकाहारी मिळतं का बघणे’ असं लिहून ठेवलं होतं आणि खाली ‘कुकर नेणे’. हॉटेलच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली तर काय होईल यावर आम्ही एक अख्खा रविवार हसलो होतो. हसून झाल्यावर मी म्हटलं, कार्ड येऊ दे, मग कुठेही.

ट्रॉयमध्ये, म्हणजे आमच्या इथल्या गावात, आम्ही सगळे असेच बोलायचो. कार्ड आलं की घर घेऊ. कार्ड आलं की आईला बोलावू. माझा मित्र विनय सहा वर्षं सोफा घेत नव्हता. उद्या परत जायची वेळ आली तर विकणार कुणाला, म्हणायचा, आणि पाहुण्यांना गादीवर बसवायचा. त्याचं कार्ड आमच्याआधी आलं, पुढे तो सिटिझनही झाला, आणि सोफा असा घेतला की दारातून आत जाईना.

आमची अडचण साधी होती. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला होता. इथे राहायला त्याने काही बिघडत नव्हतं, नोकरीचे कागद ठीक होते. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला नवा शिक्का लागणार, आणि त्या काळात शिक्क्यासाठी लोक महिनोन्महिने अडकत होते. मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. घरातही ब्रेकवरून माझा पाय कधी निघाला नाही. तिच्या भावाचं लग्न आम्ही फोनवर ऐकलं. मंगलाष्टकं चालू असताना ती फोन कानाला घट्ट धरून उभी होती आणि इकडे तिने एकटीनेच तांदूळ उधळले. ते नंतर मी झाडले.

आणि तिच्या अस्थी. तेव्हाही मी देश सोडला नाही. अर्ज नुकताच गेला होता, बाहेर जायची परवानगी हातात नव्हती, वकील म्हणाला धोका आहे. अस्थी विनय घेऊन गेला. तिच्या भावाने त्या रामटेकला विसर्जित केल्या. मी इथे घड्याळात तिथली वेळ मोजत बसलो होतो. हे सांगताना मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

“बाबा, फाइल आणू?” केयाने विचारलं.

“आण.”

तिने ती टेबलावर उघडली आणि एकेक कागद लावत गेली. कॅनकून, बहामाज, जमैका. नकाशांवर आश्लेषाच्या खुणा, हवामानाचे तक्ते, कुठल्या महिन्यात वादळं येतात त्याची यादी. बाई नोकरी करू शकत नव्हती, तिच्या व्हिसावर परवानगीच नव्हती. एखाद्या कंपनीने तिला प्रवासाचा हिशेब लावायला ठेवलं असतं तर कंपनीचं भलं झालं असतं.

सगळ्यात मागे, प्लॅस्टिकच्या खिशात, पोर्टो रिको होतं.

ते नाव वाचलं आणि मला तो दिवस आठवला. दोन हजार चारची संक्रांत. विनयकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा, पंधरा-वीस माणसं, गुळाच्या पोळ्या. कुणीतरी सुट्टीचा विषय काढला. आश्लेषा सहसा चारचौघांत बोलायची नाही, त्या दिवशी बोलली. “पोर्टो रिको तर अमेरिकेचंच आहे म्हणतात. तिथे शिक्का नाही लागत.” मी हातातली पोळी खाली ठेवली आणि म्हटलं, “आमच्या हिला वाटतं, त्या बेटावरचे इमिग्रेशनवाले नारळपाणी पीत बसलेत. परतताना विमानतळावर पासपोर्ट उघडला की कळेल!” सगळे खो खो हसले. तीही हसली. परत येताना गाडीत मी तिला वर आणखी ऐकवलं, अर्धवट माहितीवर बोलू नये म्हणून.

त्यानंतर तिने ते नाव पुन्हा काढलं नाही. मला वाटलं, पटलं.

प्लॅस्टिकच्या खिशात सॅन हुआनच्या किनाऱ्याचा फोटो होता आणि त्याला टाचणीने लावलेला वहीचा कागद. तिचं अक्षर.

‘१२ मार्च २००४. वकिलांच्या ऑफिसात फोन केला. पोर्टो रिकोला जाणं म्हणजे देशातल्या देशात जाणं. देश सोडला असं होत नाही. शिक्का लागत नाही. नोकरीचे कागद जवळ ठेवायचे, बस. दोनदा विचारलं.’

दोन हजार चार. मी तारीख पुन्हा वाचली. त्यानंतर ती साडेतीन वर्षं जगली. साडेतीन वर्षांत कुठल्याही शुक्रवारी आम्ही विमानात बसलो असतो आणि संध्याकाळी ती गळ्यापर्यंत पाण्यात उभी असती. कुठलाही कागद लागला नसता. फक्त मी एकदा गप्प बसून तिचं वाक्य पूर्ण ऐकायला हवं होतं. पण मला चारचौघांत हशा हवा होता.

मी कागद पालथा घातला. मग परत सरळ केला. केया बघत होती.

“केया,” मी म्हटलं, “मला तुला एक सांगायचंय. आपण आईला घेऊन जाऊ शकलो असतो. केव्हाच. कार्डाची गरज नव्हती. आईने मला सांगितलं होतं आणि मी तिची थट्टा केली. चूक माझी होती. पूर्णपणे माझी.”

मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. तिने ओरडावं असंच मला वाटत होतं.

“आय नो,” ती म्हणाली.

“काय?”

“आईने मला सांगितलं होतं. लास्ट समर. स्विमिंगहून येताना, गाडीत.” ती फोटोच्या कडा बोटाने सरळ करत होती. “मी म्हटलं, देन लेट्स गो, बाबाला सांग ना. ती म्हणाली, नको.”

“का नको?”

“शी सेड, बाबा चिडतो ना, तेव्हा तो घाबरलेला असतो. तो आला असता, पण तिथे पूर्ण वेळ रूममध्ये पेपर्स घेऊन बसला असता. आईला तसं नको होतं. शी वॉन्टेड यू इन द वॉटर टू.” फोटो परत खिशात सरकवत केया म्हणाली, “म्हणून आई म्हणाली, कार्ड येऊ दे. मग तो घाबरणार नाही. आणि बाबाला सांगू नको मला पोर्टो रिकोचं माहितीय म्हणून, त्याला वाईट वाटेल.”

मी टेबलावर डोकं टेकवलं आणि रडलो. हॉस्पिटलमध्ये रडलो नव्हतो, विनयच्या हातात अस्थींचा तांब्या दिला तेव्हाही नाही. बारा वर्षं मला वाटत होतं की मी तिला थांबवून ठेवलंय. ती माझ्यासाठी थांबली होती, आणि ते मला कळू नये याचीही तिने काळजी घेतली होती. केयाने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिची आई ठेवायची तसाच, थोपटायचा नाही, नुसता ठेवायचा.

नंतर मी वकिलाच्या ईमेलला उत्तर लिहिलं. ती आता नाही, असं लिहिलं, आणि तिचं कार्ड सोमवारी परत पाठवतो, असंही. केयाने विचारलं, ठेवता नाही येणार का? मी म्हटलं, नाही. तिने ते कार्ड एकदा खिडकीशी नेलं, उजेडात धरलं, त्या ठशावर आपलं बोट टेकवलं आणि पाकिटात घातलं.

मग आम्ही विमानाची तिकिटं काढायला कंप्युटरपुढे बसलो. सॅन हुआन, जूनचा पहिला आठवडा, शाळा संपल्या संपल्या. आईच्या यादीप्रमाणे वादळं ऑगस्टनंतर. केया वाचत होती, मी भरत होतो. नावं विचारली. खिडकीची जागा हवी का विचारलं. सामान किती विचारलं. मी शेवटच्या पानापर्यंत वाट बघत राहिलो. ग्रीन कार्ड आहे का, असं कुणीही विचारलं नाही.