कमानीतली सहावी तलवार

खट्. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या पेटीची कडी उघडली आणि सकाळची शांतता मोडली.

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. घाबरू नका, मला धारच नाही. लुइझियानातल्या आमच्या दलदलीकाठच्या गावात कॅथलिक पुरुषांचा एक बंधुसंघ आहे. मी त्याच्या मानवंदना पथकातली. बिशप चर्चमध्ये येतात तेव्हा आम्ही सहा तलवारी टोकाला टोक लावून कमान धरतो आणि ते खालून जातात. एवढ्याशा क्षणासाठी मी एकतीस वर्षे नव्या नवरीसारखी नटत आले आहे!

गेल्या हिवाळ्यात मला धरणाऱ्या ओव्हिड आजोबांचा उजवा हात थरथरू लागला. तलवार मात्र उजव्याच हाताने धरायची. ‘या वेळी कमान डळमळली, तर हिला पथकाकडे परत करीन,’ असे त्यांनी ठरवले. मग महिनाभर टेबलापाशी सराव चालला. हुकूम द्यायची त्यांची आठ वर्षांची नात मिरेल.

“तलवार उपसा. आजोबा, कोपर सरळ.”

“सरळच आहे, कप्तानबाई.”

“केळ्यासारखं सरळ आहे.”

“बिशपांची टोपी उडवू नका म्हणजे झालं,” चुलीपाशी गम्बोचा दाट रस्सा ढवळत मिरेलची आई सोलांज म्हणायची.

आणि आज तो दिवस उजाडला. घंटा घणाणल्या, हुकूम सुटला, मी सपकन उंच गेले. आणि थरथरले. समोरच्या तलवारीवर माझे टोक टकटक वाजू लागले. बिशप अवघ्या तीन पावलांवर! समोर होते तेओजेन, आजोबांचे कोळंबीच्या होडीवरचे जुने सोबती. ओठ न हलवता ते पुटपुटले, “टेक माझ्यावर, म्हाताऱ्या. भरली जाळी ओढलीस, ही काडी जड झाली होय?”

त्यांनी आपले पाते हळूच माझ्याखाली सरकवले. मी स्थिर झाले. बिशप खालून गेले. मित्रांनो, माझे पोलाद अजून झिणझिणते आहे!

घरी येऊन आजोबांनी मला पुसले, तेल लावले.

“आज तेओजेननं सांभाळलं. उद्या हिला परत देतो,” ते म्हणाले.

जुन्या वस्तूला तेल लागते, मित्रांनो, पण त्याहून जास्त तिला यापुढे धरणारा हात लागतो. तेवढ्यात दोन इवल्या हातांनी मला मुठीशी धरून उचलले, थेट डोक्यावर. मी जराही हलले नाही.

“परत कशाला? मी धरते की,” मिरेल म्हणाली.

आजोबांनी सोलांजकडे पाहिले. सोलांजने गम्बोकडे.

“आई, पथकात मुली का नसतात?”