दोन साडूंची ट्राम

मित्रांनो, बागेच्या कोपऱ्यात घसरगुंडीच्या पलीकडे जो लांबट पिवळा डबा उभा आहे, ज्याच्या पायऱ्यांवर बसून तुम्ही बुटांतले खडे काढता, तो डबा म्हणजे मी. परवा तुमच्यातल्या एकीने मला बस म्हटले. दुसऱ्याने तिला वेड्यात काढले आणि मी आगगाडीचा मोडका डबा आहे, असे छातीठोकपणे सांगितले. मला हसू आले, थोडा रागही आला. मी ट्राम आहे. रस्त्यात पुरलेल्या रुळांवरून, डोक्यावरच्या तारेतली वीज पीत, मी तुमच्या आजी-आजोबांना या शहरभर फिरवले आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा थाट विचारू नका. पिवळाधमक रंग, लाकडी बाक, खिडक्यांना पितळी कड्या. पण माझी खरी ऐट माझ्या दोन तोंडांत होती. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा आणि दोन्ही टोकांना आरसा. शेवटचा स्टॉप आला की मी वळत नसे, माणसे वळत. ड्रायव्हर आपले पितळी हँडल काढून या टोकाहून त्या टोकाला जाई. कंडक्टर छपरावरचा, तारेला टेकलेला दांडा फिरवी आणि बाकांच्या पाठी धाडधाड उलट्या करत येई. की झाले माझ्या शेपटाचे तोंड! दोन तोंडे असूनही मी इकडचे तिकडे कधी केले नाही. आज मात्र करणार आहे, कारण त्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

माझा रस्ता डेपोपासून भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीतून, साबणाच्या कारखान्यावरून, चढ चढून थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. गल्लीत एवढा ठणठणाट की माझी चाके वाजतात की नाही, हे मलाच कळत नसे. कारखान्याजवळ साबणाच्या वासाने प्रवाशांना शिंका येत. पुढे एक वळण होते, इतके अरुंद की दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या माझ्या खिडक्यांत डोकावत. कोणाच्या चुलीवर काय शिजते आहे आणि कोणाच्या घरात काय बिनसले आहे, हे मला जाता जाता समजे. तिथला शिंपी वरच्या मजल्यावरून शिवलेला सदरा दोरीने खाली सोडी. माझा कंडक्टर तो झेली आणि पुढच्या स्टॉपवर गिऱ्हाइकाच्या हातात देई. "बाही आखूड झाली तर मला नका सांगू हो," असेही वर बजावी.

या कंडक्टरला सगळे घंटीभाऊ म्हणत. बडबड्या, हसतमुख, अंगाने काडी. ड्रायव्हर होते ब्रेकदादा. मिशा झुपकेदार, बोलणे मोजके, आणि नियम म्हणजे नियम. हे दोघे साडू होते. ब्रेकदादांच्या घरी थोरली बहीण, घंटीभाऊंच्या घरी धाकटी. धाकटीचे घर साबणाच्या कारखान्याजवळच होते. दुपारी ती स्टॉपवर येई आणि दोघांचा मिळून एकच डबा माझ्या मागच्या पायरीवरून आत देई. टाकीपाशी पोहोचले की दोघे माझ्या एका बाकाची पाठ उलटी करत, म्हणजे दोन बाक समोरासमोर येत, आणि गुडघ्याला गुडघा लावून जेवत. मला ती वेळ फार आवडे.

आता घंटीचे सांगते. छताखालून एक दोरी गेलेली असे. कंडक्टरने मागे ती ओढली की पुढे ड्रायव्हरच्या कानाशी घंटी वाजे. एक घंटी म्हणजे थांबा. दोन म्हणजे डबल बेल, चला. डबल बेल मिळाल्याशिवाय मी इंचभर हलायचे नाही, आणि मिळाल्यावर थांबायचे नाही. ड्रायव्हरला उत्तर द्यायचे असेल तर त्याच्या पायाखाली जाड आवाजाची एक घंटा होती.

एके दुपारी धाकटीला उशीर झाला. मी स्टॉपवर उभी होते, गर्दी मुंगीला शिरायला वाव नाही अशी. आत कोणाचे तरी तिकीट हरवले होते आणि घंटीभाऊ त्याच्याशी हुज्जत घालत होते. हुज्जत घालता घालता, मागे न बघता, त्यांनी दोरी दोनदा ओढली. ब्रेकदादांनी हँडल फिरवले. आणि मागून धाकटी धावत आली, "अहो थांबा, थांबा" करत, रुळाला पाय अडकून पडली. डबा गडगडत गटारापर्यंत गेला. तिचा गुडघा चांगलाच फुटला.

मी थांबले तेव्हा दोघेही उतरून धावले. धाकटीला उठवून जवळच्या दुकानात बसवले, पट्टी बांधली. मग मात्र रस्त्यातच तोंडाला तोंड लागले.

"दादा, आरसा कशाला दिलाय तुम्हाला? मिशा विंचरायला? तुमची मेहुणी धावत येतेय, दिसली नाही?"

"डबल बेल कुणी दिली? तू दिलीस. मी दिली का?"

"बेल दिली म्हणून काय डोळे मिटून हाणायची गाडी?"

"ज्याला स्वतःची बायको मागे राहिलेली कळत नाही, त्यानं मला शिकवू नये!" ब्रेकदादांचा चेहरा लालबुंद झाला होता. "आजपासून मला जे काही सांगायचं ते घंटीनं सांग. तोंडानं एक शब्द नको."

"बरं," घंटीभाऊ म्हणाले. मित्रांनो, एवढा बडबडा माणूस, आणि त्याने तो 'बरं' अगदी तंतोतंत पाळला.

धाकटीचा गुडघा बरा झाला. ती पूर्वीसारखी डबा घेऊन येऊ लागली, पण आता एकाचे दोन डबे झाले होते. टाकीपाशी एक साडू माझ्या या टोकाला जेवे, दुसरा त्या टोकाला. बहिणींनी समजावून पाहिले, रागावून पाहिले. "पडले मी, आणि लंगडताय तुम्ही दोघं!" असे धाकटी माझ्या पायरीवरून ओरडली, तेव्हा सगळे प्रवासी हसले. हे दोघे मात्र ढिम्म. डेपोतल्या साहेबांनी दोघांना वेगवेगळ्या गाड्यांवर घालतो म्हणून सांगितले, तर दोघांनीही ताबडतोब नको म्हटले. दुसऱ्या कोणाबरोबर काम करायची कल्पनाही त्यांना सहन होत नव्हती. रुसवा होता, पण तो घरच्या माणसावरचा होता.

मग माझी दोरीच त्यांची जीभ झाली. कोणी म्हातारी चढत असली तर डबल बेल सावकाश येई, एक घंटी, मग दमाने दुसरी. उशीर झाला असला तर दोन्ही एकाला एक चिकटून. वळणावर खेळणारी पोरे असली तर दोरीला नुसता हलकासा हिसका बसे, आणि ब्रेकदादा वेग कमी करत. त्यावर त्यांच्या पायाखालून एक 'टण' जाई, म्हणजे समजले. पाऊस लागला की घंटीभाऊ आपली छत्री पुढच्या दारापाशी टेकवून ठेवत आणि दोरी जराशी हलवत. परत 'टण'. मी या दोघांमधून येणारे-जाणारे सारे निरोप ऐके आणि मनात म्हणे, अरे, एवढे बोलताच आहात तर तोंडानेच बोला की.

एकदा तर कमाल झाली. ब्रेकदादांच्या मुलीला मुलगी झाली. बातमी आधी कळली ती धाकटीला, तिने ती स्टॉपवर घंटीभाऊंच्या कानात सांगितली. बोलायची तर बंदी! घंटीभाऊंनी दोरी धरली आणि अशी काही बडवली, अशी काही बडवली, की ब्रेकदादांनी घाबरून ब्रेक दाबला आणि अर्धे प्रवासी एकमेकांच्या मांडीवर गेले. "आग लागली का?" कोणीतरी विचारले. ब्रेकदादांनी आरशात पाहिले. मागच्या पायरीवर घंटीभाऊ उभे होते आणि तान्हे बाळ जोजवावे तसे रिकामे हात झुलवत होते. ब्रेकदादांनी तेलकट फडक्याने डोळे पुसले, त्यामुळे नाकावर काळा पट्टा उमटला. मग त्यांनी पायाखालची घंटा वाजवली, ती पाण्याची टाकी येईपर्यंत थांबवलीच नाही. त्या दिवशी मला वाटले, सुटले एकदाचे कोडे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे.

वर्षे सरत गेली. भांडी ठोकणारे एकेक करून उठून गेले, त्यांच्या दुकानांत चष्मे आणि घड्याळे आली. गल्ली एवढी शांत झाली की मलाच माझ्या खडखडाटाची लाज वाटू लागली. साबणाचा कारखाना बंद पडून तिथे उंच इमारती झाल्या. शिंपी म्हातारा होऊन मुलाकडे राहायला गेला, जाताना घंटीभाऊंना एक सदरा शिवून देऊन गेला. त्याची बाही खरेच आखूड होती. नव्या इमारतींतली माणसे मोटारींतून फिरत आणि माझ्यामागे अडकली की भोंगे वाजवत. मला त्यांचा राग येत नसे. लहान मुलांना खिडकीशी बसवायला ती मलाच शोधत येत.

शेवटी एक दिवस बातमी आली. ट्राम बंद होणार, रूळ उखडणार. सगळे हळहळले. मला माझी काळजी नव्हती, जुने लाकूड आज ना उद्या जायचेच. माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. माझी दोरी गेली, तर हे दोघे बोलणार कशाने? एका गाडीत होते म्हणून निदान घंटीपुरते तरी एकमेकांचे होते. उद्या दोघे आपापल्या घरी बसले की झालेच.

शेवटच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. लोकांनी माझ्या अंगावर खडूने नावे लिहिली. संध्याकाळी डेपोच्या अलीकडच्या स्टॉपवर सगळे उतरले. आत उरल्या फक्त दोघी बहिणी, पुढे ब्रेकदादा, मागे घंटीभाऊ. आता एक डबल बेल, आणि मी कायमची डेपोत.

घंटीभाऊंनी दोरी धरली. पण ओढली नाही.

ब्रेकदादा हँडलवर हात ठेवून थांबले. मग पायाने 'टण' केले. मागून उत्तर नाही. 'टण टण'. नाही. धाकटी काही बोलायला गेली, तर थोरलीने तिचा हात दाबून धरला. बेल नसताना गाडी हाकणे ब्रेकदादांच्या रक्तात नव्हते. त्यांनी हँडल काढले, कारण जागा सोडताना हँडल बरोबर घ्यायचे हाही नियम, आणि ते माझ्या बाकांच्या मधून चालत मागे आले. माझे सगळे लाकूड कान होऊन ऐकत होते.

"बेल दे की रे," ब्रेकदादा म्हणाले. इतक्या वर्षांत साडूशी तोंडाने बोललेले हे त्यांचे पहिले वाक्य.

"नाही देणार," घंटीभाऊ दोरीकडेच बघत म्हणाले. "दिली की संपलं, दादा. मग उद्यापासून कशानं बोलायचं?"

"तोंड आहे ना? तेवढ्यासाठीच तर उठून आलो."

घंटीभाऊंनी दोरी सोडली. "मी मागे बघायला हवं होतं, दादा."

"मी आरशात बघायला हवं होतं."

"आणि मी घरून वेळेवर निघायला हवं होतं!" धाकटी ओरडली. "झालं सगळ्यांचं? मग चला आता. भाऊजी, माझा तो गुडघा दुखायला लागलाय."

आधी थोरली हसली, मग सगळेच हसले, आणि हसता हसता रडले. घंटीभाऊंनी डबल बेल दिली. मी डेपोत शिरले ती अगदी तरंगत.

मित्रांनो, पुढे या बागेत मला जागा मिळाली आणि मी सुखी आहे. तुमच्या उड्या, तुमचा गोंगाट मला हवा असतो. माझ्या त्या पलीकडच्या बाकावर संध्याकाळी दोन म्हातारे बसतात ना, बाकाची पाठ उलटी करून, गुडघ्याला गुडघा लावून? तेच ते. बोलत सुटतात, कशावरही भांडतात, आणि धाकटी म्हणते, "यांना घंटीच बरी होती." हल्ली ब्रेकदादांना नीट ऐकू येत नाही. माणसांचे बोलणे अर्धेमुर्धेच कळते, पण घंटीचा तो ओळखीचा आवाज मात्र अजून त्यांच्या कानात शिरतो. म्हणून घरी जायची वेळ झाली की घंटीभाऊ उठून दोरी ओढतात.

मागच्या महिन्यात कोणीतरी झोके घेता घेता ती दोरी तोडली. घंटीभाऊंचा हात वर गेला आणि रिकामाच खाली आला. मग त्यांनी ब्रेकदादांच्या खांद्याला हात लावून त्यांना उठवले. दुसऱ्या दिवशी धाकटीने घरची कपडे वाळत घालायची दोरी आणून तिथे बांधली. ती हिरवी दोरी तीच.

तेव्हा माझ्या अंगावर चढा, खडूने लिहा, बाकांच्या पाठी धाडधाड उलट्या करा, मी काही म्हणणार नाही. फक्त ती दोरी आणि पुढचा आरसा, या दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. कारण निघायच्या वेळी ब्रेकदादा बाहीने तो आरसा पुसून त्यात बघतात, आणि घंटीभाऊ दोरीला हात घालून मान मागे वळवतात. धाकटी हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवून, माझ्या पायरीपाशी येते. ती पोहोचली, हे दोघांनाही दिसले, की मगच डबल बेल होते.