घरच्यांच्या मापाच्या खुर्च्या

मिस्त्रींनी पक्की नोकरी सोडली ती एका खुर्चीपायी, आणि त्याबद्दल त्यांच्या बायकोने त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचंही खरंच होतं. मोठ्या कारखान्यात पगार वेळेवर होता, डोक्यावर पंखा होता आणि वरचा साहेब स्वभावाने बरा होता. असलं सगळं सोडून कुणी जातं का?

पण त्या कारखान्यात मिस्त्रींनी उमेदीची सगळी वर्षं कपाटांची दारं केली होती. अख्खं कपाटसुद्धा नाही. कपाट शेजारच्या शेडमध्ये व्हायचं, यांच्याकडे नुसती दारं. आणि दार म्हणजे काय? उघडतं आणि मिटतं, संपला विषय. खुर्चीचं तसं नाही. खुर्ची वाईट झाली तर बसणारा करणाऱ्याचा उद्धार करतो, आणि चांगली झाली तर आपण खुर्चीवर बसलोय हेच विसरून जातो. बसणाऱ्याला विसर पडेल अशी खुर्ची करायची, हे मिस्त्रींचं वेड होतं. सुटीच्या दिवशी घरी खपून त्यांनी तशी एक केलीही होती. बायको तिच्यावर वाळलेले कपडे ठेवायची, तो भाग वेगळा.

एके दिवशी फर्निचरच्या दुकानाचे थोरले मालक चांगल्या सुताराच्या शोधात त्यांच्या घरी आले. बायकोने कपडे उचलले, थोरले त्या खुर्चीवर बसले, आणि मग उठायचं नावच घेईनात. चहा झाला, दुसरा चहा झाला, तिसऱ्याला बायकोने डोळे वटारले.

"अहो मिस्त्री, ही तुम्ही केली?" थोरले म्हणाले. "मग तिकडे दारं कसली घासत बसलाय?"

थोरल्यांच्या हाती तेव्हा एका नव्या वाचनालयाचं काम आलं होतं. हॉलभर खुर्च्या हव्या होत्या. "सगळ्या अश्शाच करायच्या. तुमच्या हातच्या, तुमच्या पद्धतीच्या. आम्ही मध्ये पडणार नाही. आणि नोकरी वगैरे म्हणू नका, आजपासून तुम्ही आमच्या घरचेच."

'घरचेच' या शब्दाने भल्याभल्यांना गार केलं आहे, तिथे मिस्त्रींची काय कथा. हॉलभर माणसं आपल्या खुर्च्यांवर बसून पुस्तकात बुडून गेलीत आणि एकालाही खाली खुर्ची असल्याची आठवण नाही, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. महिन्याअखेरीस ते आपली हत्यारांची पेटी घेऊन नव्या जागी हजर झाले.

पुढे दुकान, मागे कारखाना आणि मध्ये एक काचेचं दार, अशी ती जागा. दाराच्या अलीकडे पॉलिशचा वास, पलीकडे घोट्याएवढा भुसा. मागचे कारागीर हाताने चांगले होते. अडचण होती ती काचेच्या पुढच्या बाजूला. तिथे तीन टेबलं होती आणि तीन मालक. थोरले ताडमाड उंच. बसले तरी उभे असल्यासारखे वाटायचे. त्यांची बहीण, म्हणजे ताई, गिऱ्हाईक सांभाळायच्या. त्यांची पाठ बारा महिने दुखायची आणि ते त्या बारा महिने सांगायच्या. आणि तिसरी आई. मूठभर जीव, पण आवाज खणखणीत. ती कुठल्याही खुर्चीवर बसली की पाय लोंबायचे.

दुकान मुळात वडिलांनी काढलेलं. त्यांनी एक नियम घालून दिला होता: घरातल्या प्रत्येकाने बसून पाहिल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही. त्यांच्या काळी त्यात गैर काही नव्हतं. सगळे एकेकदा बसायचे, खुर्ची डुगडुगत नाही ना, कुरकुरत नाही ना, एवढं बघायचे आणि 'हं' म्हणायचे. वडील गेले आणि नियमाला कोंब फुटले. आता जो तो नुसता बसायचा नाही, मत द्यायचा. मत दिलं की ते पाळलं जावं असा आग्रह. आग्रहातून भांडण. भांडून भांडून तिघं थकले तेव्हा त्यांनी दुसरा नियम काढला: ज्यावर एकमत होणार नाही त्याच्या सरळ तीन वाटण्या करायच्या. दुकानाच्या भिंतीला तीन रंग होते ते याच कारणाने. नवी गिऱ्हाइकं त्याला फॅशन समजायची.

शिवाय कामाच्या वेळात भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नसत. बोलायचं ते मिस्त्रींमार्फत.

"मिस्त्री, थोरल्यांना सांगा, वाचनालयाचा फोन आला होता."

थोरले हातभर अंतरावर उभे असायचे. मिस्त्री वळून म्हणायचे, "वाचनालयाचा फोन आला होता."

"ताईला सांगा, मला ऐकू येतं."

मिस्त्री तेही सांगायचे. पहिले काही दिवस त्यांना याची गंमत वाटली.

मग त्यांनी नमुन्याची खुर्ची केली. घरच्या खुर्चीपेक्षाही सरस. तिची पाठ किती कलती ठेवायची यावर त्यांनी मागच्या कारागिरांना चांगलं व्याख्यान दिलं होतं, कारण मिस्त्री गुणी असले तरी मितभाषी मुळीच नव्हते. खुर्ची काचेच्या दारातून पुढे गेली. थोरले बसले आणि म्हणाले, "छान! फक्त जरा उंच करा. गुडघे तोंडाशी येतात." ताई बसल्या. "सुरेख आहे हो. पण पाठ एकदम ताठ हवी. आमच्या डॉक्टरांना विचारा हवं तर." आई बसली, पाय हलवून बघितले आणि म्हणाली, "अरे, ही खुर्ची आहे की माळा? खाली घे जरा."

"आई, तुम्ही कुठे त्या वाचनालयात बसणार आहात?" मिस्त्रींनी विचारलं. "तिथे लोक बसणार."

"म्हणजे? आम्ही लोक नाही?"

दुसरा नमुना झाला, तिसरा झाला. थोरल्यांचं ऐकावं तर आई रुसायची, आईचं ऐकावं तर ताई डॉक्टरांचं नाव काढायच्या. "तुम्ही मध्ये पडणार नव्हतात ना?" असं मिस्त्रींनी थोरल्यांना एकदा स्पष्टच विचारलं. थोरले दुखावले. "मध्ये कुठे पडतोय? मत देतोय. घरच्या माणसाला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?" मिस्त्रींच्या नाकी नऊ आले. घरी बायकोने काही विचारलं की ते "चाललंय" एवढंच म्हणत, आणि ती काय ते समजून जाई.

शेवटी मिस्त्रींनी डोकं चालवलं. वाचनालय बाजूला ठेवून आधी या तिघांनाच एकेक खुर्ची करून द्यावी, म्हणजे तोंडं बंद होतील आणि आपल्याला आपलं काम करता येईल. शिंप्याने घ्यावीत तशी त्यांनी तिघांची मापं घेतली. थोरल्यांची घ्यायला स्टूल लागलं. आईने मापं देताना लाजून पदर तोंडाला लावला. ताईंनी पाठीचा इतिहास पहिल्यापासून सांगितला आणि मिस्त्रींनी तो चक्क ऐकून घेतला.

खुर्च्या तयार झाल्या आणि दुकानात शांतता पसरली. थोरल्यांचे गुडघे जागेवर आले. ताई संध्याकाळपर्यंत बसल्या आणि पाठीबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. आईचे पाय आयुष्यात पहिल्यांदा जमिनीला टेकले. ती मधूनच टाचा आपटून खात्री करून घ्यायची. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. तिघांनी एकमुखाने सांगितलं, म्हणजे प्रत्येकाने वेगवेगळं येऊन सांगितलं, की मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही.

त्याच आठवड्यात त्यांना पुढच्या कामाचं लाकूड निवडायला लांबच्या वखारीत जावं लागलं. जाताना आपला पहिला नमुना त्यांनी कारागिरांच्या मधोमध ठेवला आणि बजावलं, "सांधे कापून ठेवा. मी आलो की पाठी बसवू." वखारीतलं लाकूड ओलं निघालं, दुसरी वखार शोधावी लागली, मुक्काम लांबत गेला. परतले तेव्हा प्रवासाची पिशवी खांद्यावर घेऊन ते थेट कारखान्यात शिरले. तिथे झाडून काढल्यासारखं रिकामं होतं आणि कारागीर एकमेकांकडे बघत होते.

"खुर्च्या कुठायत?"

"गेल्या. वाचनालयाचं उद्घाटन अलीकडे आलं," त्यांतला वडीलधारा म्हणाला. "घाई झाली. थोरले आले, त्यांची खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, हिच्यासारख्या करा सगळ्या. मग ताई त्यांची घेऊन आल्या. मग आई."

"मग जुंपली असेल."

"नाही ना! तेच तर सांगतोय. शब्दाने शब्द वाढला नाही. तिघं खुशीत होते. त्यांनी ऑर्डरच्या तीन वाटण्या केल्या."

मिस्त्रींनी पिशवी तिथेच भुशात टाकली.

वाचनालयात पोचेपर्यंत त्यांना अजून थोडी आशा होती, माणसाला असते. हॉलच्या दारातच ती मावळली. टेबलं सगळी एकाच उंचीची होती. त्यांच्याभोवती आईच्या मापाच्या खुर्च्यांवर बसलेल्यांची हनुवटी टेबलाला टेकत होती. थोरल्यांच्या मापाच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचे गुडघे टेबलाखाली अडकले होते, आणि एक गृहस्थ तर आत शिरले ते बाहेर कसं यायचं या विवंचनेत होते. ताईंच्या वाटणीवर बसलेले सगळे छाती काढून, मान ताठ करून, निकाल ऐकायला बसल्यासारखे दिसत होते. पुस्तकात कुणीच नव्हतं. हॉलमधला प्रत्येक माणूस खुर्चीचाच विचार करत होता.

तिन्ही मालक तिथे हजर होते. समोर ग्रंथपाल बाई, कमरेवर हात.

"मला फक्त एवढं सांगा," बाई म्हणाल्या, "या केल्या कुणी?"

थोरल्यांनी ताईंकडे पाहिलं, ताईंनी आईकडे. वडील गेल्यापासून त्या घरात कशावर म्हणून एकमत झालं नव्हतं. ते तिथे झालं.

"मिस्त्रींनी," तिघं एकदम म्हणाले.

बाई मिस्त्रींकडे वळल्या.

"खुर्च्या चांगल्याच आहेत बाई," मिस्त्री म्हणाले. "फक्त त्यांच्याबरोबर ही माणसंही ठेवून घ्यायला हवीत. त्यांना त्या अगदी मापात बसतात."

दोन-तीन वाचक हसले. अडकलेल्या गृहस्थांनाही हसू आलं, पण हलता येत नसल्याने ते पुरतं हसू शकले नाहीत. मिस्त्री थोरल्यांना म्हणाले, "उद्यापासून मी येणार नाही."

"असं कसं?" आई कळवळली. "अरे, घरचा माणूस असा सोडून जातो का?"

"आई, घरचा झालो तीच चूक झाली. बाहेरचा असतो तर तुम्ही दोन शब्द ऐकून तरी घेतले असते."

आईचे डोळे भरून आले. माणसं मनाने वाईट नव्हती, हे मिस्त्रींनाही कळत होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप येत होता. थोरले म्हणाले, जायचं तर जाऊ द्या. ताई म्हणाल्या, मिस्त्री, थोरल्यांना सांगा, तुम्ही कुठेही जाणार नाही. आई म्हणाली, निदान अर्धा दिवस तरी येऊ दे. मिस्त्री मध्ये राहिले असते तर त्यांच्याही तीन वाटण्या झाल्या असत्या. ते बाजूला झाले. निरोप पोचवणारं कुणी उरलं नाही तेव्हा बहीणभाऊ नाइलाजाने एकमेकांशी बोलू लागले, आणि बोलता बोलता आवाज चढल्याने बाईंनी तिघांनाही बाहेर काढलं.

हॉल शांत झाला. बाईंनी मिस्त्रींना खिडकीपाशी नेलं.

"तुम्ही कशी करणार होतात?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी हवेत हात धरून दाखवलं: बैठक इथे, पाठ इथून अशी जराशी मागे, हाताला आधार इतकाच, म्हणजे पान उलटताना कोपर उचलावं लागत नाही. बोलता बोलता ते स्वतःच त्या नसलेल्या खुर्चीवर अर्धवट बसले. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. इतक्या महिन्यांत ते कुणी पहिल्यांदाच ऐकत होतं.

"हे हवं होतं हो मला," त्या म्हणाल्या. "आता पुढच्या वेळी थेट तुम्हालाच सांगणार. मध्ये कुणी नको."

"पुढची वेळ कधी?"

"आमच्याकडे एकच नियम. आहेत त्या मोडल्या की नव्या."

मिस्त्रींनी जवळची एक खुर्ची उचलून उलटी केली. सांधे बाहेरून दिसत नाहीत, म्हणून त्यांबद्दल घरातल्या कुणालाच मत नव्हतं. ते कारागिरांनी मिस्त्रींनी शिकवले तसेच कापले होते. केसभर फट नव्हती. मिस्त्रींनी पायांवर गुडघा रोवून सगळा भार टाकला. खुर्चीने हूं की चूं केलं नाही. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. पोरांनी जीव ओतला होता. मिस्त्रींना त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी रडू येईल की काय असंही वाटलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"या मोडायच्या नाहीत," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही-आम्ही आहोत तोवर तरी नाहीत."

बाईंना वाटलं, ते मालाची हमी देताहेत. त्यांनी मनापासून आभार मानले.