जिन्यातला देवमासा

देवमाशाची अखेर नोंद झाली, जिन्यातला अडथळा क्रमांक तीन म्हणून. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. संग्रहालयाच्या दप्तरात देवमासा वगैरे काही आलेलं नाही, आणि दप्तरात नाही ते जगात नाही, या तत्त्वावर तिथला हेडक्लार्क पगार घेतो.

सुईवाली मात्र होती. दगडातून जीवाश्मांची हाडं मोकळी करणं हे तिचं काम. हत्यारं म्हणजे सुई, ब्रश आणि मानेची वाट लावणारं स्टूल. अकरा वर्षं ती एकाच दगडाला टोचत होती. संध्याकाळी घरी वडील विचारायचे, "काय गं, कुठवर आला तुझा प्राणी?"

"गुडघ्यापर्यंत, बाबा."

दोन वर्षं हेच उत्तर ऐकून वडिलांनी स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन उरकून घेतलं.

हेडक्लार्कचा एकच आक्षेप होता. "तळमजल्यावर जमिनीवरचे प्राणी, पहिल्या मजल्यावर पाण्यातले. तुम्ही म्हणता, खालचेच बदलत बदलत वरचे देवमासे झाले. मग मधला कुठंय? मधला दाखवा, मिशी उतरवतो!"

आता दगडातून निघाला तो नेमका मधलाच. कान देवमाशाचा, घोटा बकरीच्या जातकुळीतला. पाय होते, पण अंग पेलण्याची त्यांची फारशी तयारी दिसत नव्हती. सापडलाही मधल्याच थरात. खालच्या, जुन्या थरात ऐटीत चालणारे त्याचे नातेवाईक. वरच्या, नव्या थरात पाय नावापुरते उरलेले. इतकी शिस्तशीर रांग सुईवालीने संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवरही पाहिली नव्हती.

हेडक्लार्कने चष्मा पुसून प्राणी न्याहाळला. हात मिशीकडे गेला आणि तसाच खाली आला.

"छान. कुठल्या मजल्याचा?"

"दोन्हींच्या मधला, साहेब. तुम्हीच मागत होतात ना?"

"मागत होतो, ताई. मिळेल असं कुठं वाटलं होतं? माझ्याकडे रजिस्टरं दोनच. शुक्रवारी तपासणी आहे. तोवर कुठंच चढला नाही, तर 'इतर दगड'. आणि इतर दगड बागेच्या कडेला पुरतात."

सुईवाली दोन्ही मजल्यांचे उंबरे झिजवायला निघाली. जमिनीच्या रजिस्टरवाल्याने कान पाहून तिला वाटेला लावलं. वरच्या मजल्यावरची मैत्रीण म्हणाली, "पाय तेवढे काढून दे, लगेच चढवते."

"बये, त्या पायांसाठीच अकरा वर्षं बसलेय मी!"

गुरुवारी तिने दोन हमाल बोलावले आणि अडीच मीटरचा प्राणी थेट जिन्याच्या मधल्या वळणावर मांडला, तोंड वर करून. तासाभरात एक गुडघेदुखीवाल्या आजी धापा टाकत तिथं पोचल्या. त्यांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "अगं बाई! खालून निघून वर चाललाय होय हा? चल बाबा, मी पण चाललेय."

सुईवालीला वाटलं, अकरा वर्षांचं सार्थक झालं.

शुक्रवारी तपासनिसाने प्राण्याकडे ढुंकूनही न बघता वाटेची रुंदी मोजली. जिना इमारत विभागाचा. त्याने लिहिलं, अडथळा क्रमांक तीन. नियम असा, की नोंदलेला अडथळा नोटिशीचं उत्तर आल्याशिवाय हलवता येत नाही, आणि नोटीस अडथळ्याच्याच नावे निघते. अडथळा क्रमांक एक, म्हणजे एक लोखंडी कपाट, वीस वर्षं उत्तराचा विचार करतंय.

देवमासा वाचला. सुईवाली धावत हेडक्लार्ककडे गेली.

"साहेब, मिशी?"

"मधला कुठंय? तो अडथळा आहे, ताई. नोंद वाचा."

संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने प्राण्याच्या गळ्यात नोटीस अडकवली.

"आपणांस कळविण्यात येते की, सुमारे साडेचार कोटी वर्षे प्रलंबित असलेले आपले रूपांतर आठ दिवसांत पूर्ण करून आपण वरच्या मजल्यावर रुजू व्हावे. ते शक्य नसल्यास, लेखी कारणांसह, स्वतःच्या पायांनी तळमजल्यावर परत जावे, ही विनंती."