हत्तिणीच्या दाढेवर घण

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे. आजच्या शहागडजवळ, गोदाकाठी चरणाऱ्या एका हत्तिणीची. हजारो वर्षांपूर्वी तिच्याबरोबर मी गाळात गेले आणि तिथेच दगड झाले. दोन वर्षांपूर्वी काठाची दरड कोसळली, तेव्हा मेंढरांना पाणी पाजायला आलेल्या सुगंधाबाईंना मी दिसले. त्यांनी मला घोंगडीत गुंडाळून शाळेत, विज्ञान शिकवणाऱ्या नंदाबाईंकडे दिलं.

शाळेत सगळी मुलं माझ्यावरच्या रेघांवरून बोटं फिरवायची. एकदा बाईंनी लोकरी मॅमथचं चित्र दाखवलं. थंड मुलखातले, अंगभर केसांचे, बर्फाखालचं गवत उकरून खाणारे हे माझे लांबचे नातेवाईक.

"हे संपले कसे?" बाईंनी विचारलं.

"हवा तापली, त्यांचं गवत गेलं," वर्षाराणी म्हणाली.

"गवत गेल्यानं सगळे मरतेत का? माणसांनी मारले भाल्यांनी," साजिया म्हणाली.

"मंग आपली हत्तीण?" मागून कुणीतरी विचारलं.

"दुष्काळानं!"

"माणसानं!"

दोघी जिवलग मैत्रिणी, पण त्या दिवसापासून एकमेकींशी बोलेनात. मला उत्तर ठाऊक होतं. सांगायला तोंड उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात चौथीतल्या रेणूला ताप भरला. आदल्या दिवशी तिने मला उचललं होतं. झालं! ही राक्षसाची दाढ, हिनेच पोरीला धरलं, अशी गावभर कुजबुज सुरू झाली. भर दुपारी रेणूचा बाप मल्हारी घण घेऊन वर्गात शिरला.

"कुठंय ती? तीन दिसांपासून पोर फणफणून राह्यली माझी. हिला हात लावल्ता तिनं!"

पहिल्याच घावात माझा कोपरा उडाला. मित्रांनो, दगड झालेल्यालाही भीती वाटते. माणसाचा उगारलेला हात मला नवा नव्हता. दुसरा घाव पडणार, तोच साजियाने मला पोटाशी धरलं आणि वर्षाराणी तिच्यापुढे उभी राहिली. मल्हारीचा घण हवेतच थांबला. तोही माझ्याइतकाच घाबरलेला होता.

"मल्हारीभाऊ, पोरीला दवाखान्यात नेलं का?" नंदाबाईंनी हळूच विचारलं.

"न्हाई... अंगारा लावला."

"मंग चला जल्दी. मी येते संगं."

डेंग्यू निघाला. दहा दिवसांनी रेणू बापाचं बोट धरून शाळेत आली. मल्हारीने माझ्या तुटल्या कडेवरून अंगठा फिरवला. "चुकलो, माय," एवढंच म्हणाला.

"काका, तुम्ही जनावरं राखता. ही कशानं मेली असंल?" साजियाने विचारलं.

मल्हारीने खिडकीतून नदीकडे पाहिलं. "पाणी आटलं की सारी जनावरं एकाच डोहावर येतेत. पळायचं बळ ऱ्हात न्हाई. मंग तिथं माणूस टपून बसला, की संपलं."

दोघी मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीच जिंकलं नव्हतं.

अगदी तसंच घडलं होतं. चिखलात रुतलेले पाय, पोटाखाली दडलेलं पिल्लू, आणि चहूकडून ओरडत येणारी, आमच्यासारखीच उपाशी माणसं.

आता मी कपाटात आहे. काचेतून नदी दिसते. उन्हाळ्यात डोह लहान होत जातात. हरणं, माकडं, मेंढरं त्याच काठाशी गोळा होतात, आणि माझा जीव धसकतो. मित्रांनो, तहानलेलं जनावर पाण्यावर आलं, तर चार पावलं मागे सरा. त्याला पिऊ द्या. आमच्या हत्तिणीचं पाणी प्यायचं राहूनच गेलं.